दोनशे शोधनिबंध आणि एक प्रश्न : डॉ. कमल रणदिवे यांचे कर्करोगसंशोधन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत मला आज चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. मी या समाजात जन्मलेला नाही. परंतु भाईंदरच्या मिठागरांना लागून वस्ती वाढताना जे शेजारी लाभले, त्यांत आपली बरीच कुटुंबे होती. आमच्या घरात कोणी आजारी पडले तर पहिला डबा आपल्यापैकीच कोणाच्या तरी घरून यायचा. तेव्हा मी येथे पाहुणा म्हणून उभा नाही, शेजारी म्हणून उभा आहे.

विश्वस्तांनी मला 'व्यसनमुक्ती' हा विषय सुचवला होता. त्यांच्या अनुमतीने मी तो थोडा बदलून घेतला आहे, आणि त्याला एक कारण घडले. काही महिन्यांपूर्वी याच सभागृहात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा कार्यक्रम झाला. तो आटोपल्यावर विज्ञान शाखेत शिकणारी एक मुलगी माझ्यापाशी आली. मी आयुष्यभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, हे तिला कोणीतरी सांगितले होते. ती म्हणाली, "सर, मला कर्करोगावर संशोधन करायचं आहे. पण आजी म्हणते, त्यात उंदीर मारावे लागतात, ते आपल्या घरात चालणार नाही. तुम्ही सांगा, आजीचं बरोबर की माझं?" मला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. "विचार करून सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. आजचे हे भाषण म्हणजे त्या राहिलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे. तो मी एका थोर स्त्रीच्या कार्याच्या आधारे करणार आहे. त्यांचे नाव डॉ. कमल जयसिंग रणदिवे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलीने वैद्यकशास्त्र शिकावे आणि डॉक्टरशी विवाह करावा, अशी त्यांची इच्छा होती असे सांगतात. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. हुजूरपागेतील शालेय शिक्षणानंतर तिने फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली. १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह झाला. १९४३ मध्ये त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम. एस्सी. पूर्ण केले. त्या पदवीचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशशास्त्र. सीताफळाच्या पेशीतील गुणसूत्रे मोजणारी ही विदुषी पुढे माणसाच्या शरीरातील बिघडलेल्या पेशीकडे वळली.

विवाहानंतर त्या मुंबईस आल्या होत्या. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. खानोलकर म्हणजे भारतातील विकृतिशास्त्राचे आद्य आचार्य, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. गुरूंनी शिष्येला आणखी पुढे जाण्याचा आग्रह धरला. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या अभ्यासवृत्तीवर त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. ऊतिसंवर्धन म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, पोषक द्रवावर वाढवणे. ही संज्ञा आपण कृपया ध्यानात ठेवावी. त्या मुलीच्या प्रश्नाकडे परतताना ती आपल्याला लागणार आहे.

मायदेशी परतल्यावर कमलताई भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुजू झाल्या. तेथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशी वाढवण्यासाठी लागणारे पोषक द्रव आणि अन्य रसायने येथेच तयार व्हावीत, यासाठी त्यांनी तरुण सहकाऱ्यांना हाताशी धरले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या कार्यवाहक संचालकपदाची धुरा वाहिली. १९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला, आणि १९८२ मध्ये पद्मभूषण. कर्करोग व कुष्ठरोग या दोन विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता दोनशे शोधनिबंध ही संख्या ऐकायला मोठी वाटते. पण तिचा अर्थ काय? आपला समाज व्यापार-उदिमाचा आहे, म्हणून मी आपल्याच भाषेत सांगतो. शोधनिबंध म्हणजे संशोधकाने जगासमोर उघडी ठेवलेली हिशेबाची वही. आम्ही काय केले, कसे केले, किती प्राण्यांवर वा रुग्णांवर केले, काय आढळले, हे सारे त्यात मांडावे लागते. प्रसिद्ध होण्यापूर्वी त्या विषयातील जाणकार तो तपासतात आणि प्रसिद्ध झाल्यावर जगातील कोणीही तोच प्रयोग पुन्हा करून जमाखर्च जुळतो का ते पाहू शकतो. नंतरच्या संशोधकाने आपल्या लेखात त्याचा आधार घेतला की त्याला 'संदर्भ' म्हणतात. कोणाच्या लेखनाला किती संदर्भ मिळाले यांच्या सूची १९६४ पासून छापल्या जाऊ लागल्या, आणि २००५ मध्ये तर एका भौतिकशास्त्रज्ञाने संशोधकाचा प्रभाव एकाच आकड्यात सांगण्याची रीतही सुचवली. ही मोजदाद उपयोगी आहे, पण ती पुरी नाही. म्हणून कमलताईंच्या कामातील तीन धागे मी आपल्यापुढे उलगडतो. त्यावरून त्यांच्या कार्याचा प्रभाव कसा आणि किती काळाने प्रकट झाला, ते ध्यानात येईल.

पहिला धागा स्तनाच्या कर्करोगाचा. स्तनाचा कर्करोग काही घराण्यांत अधिक का आढळतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती, शरीरातील संप्रेरकांचा किती आणि विषाणूंचा किती, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. प्रत्यक्ष स्त्रियांमध्ये ही कारणे एकमेकांपासून वेगळी काढणे कठीण. म्हणून कमलताईंच्या गटाने उंदरांच्या शुद्ध वंशावळी वापरल्या. ज्यांच्या माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी मोठ्या प्रमाणावर होतात असा एक वंश त्यांच्या संस्थेच्या नावाने ओळखला जातो. संप्रेरके आणि गाठ निर्माण करणारे विषाणू यांचा परस्परसंबंध ज्या अभ्यासकांनी आरंभी हाताळला, त्यांत कमलताईंची गणना होते. रक्ताचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या कारणांचा शोधही त्यांनी याच पद्धतीने घेतला.

दुसरा धागा कुष्ठरोगाचा, आणि तो मला अतिशय बोधप्रद वाटतो. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर या तिघांच्या नावाने एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू त्यांनी प्रयोगशाळेत वाढवला होता. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, ही शास्त्रज्ञांची जुनी अडचण. त्यामुळे हा खरोखर तोच जंतू आहे का, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली आणि तो त्याच्या कुळातील, पण निराळ्या गटातील जंतू असल्याचे निष्पन्न झाले. वरवर पाहता काम फसले असे कोणी म्हणेल. परंतु हा जंतू कुष्ठरोगाच्या जंतूशी इतके साधर्म्य राखून होता की १९७९ मध्ये त्याच मुंबईच्या संस्थेत डॉ. माधव देव यांच्या नेतृत्वाखाली त्यापासून लस तयार झाली. दक्षिण भारतात चेंगलपट्टू भागात सुमारे १ लाख ७१ हजार निरोगी व्यक्तींवर निरनिराळ्या लसींची तुलना करण्यात आली. १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. या लसीने ६५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिल्याचे दिसले, तर एकट्या बीसीजीने दिलेले संरक्षण ३४ टक्के होते. म्हणजे १९५८ च्या निबंधाचे फळ चाळीस वर्षांनी मोजता आले. आपल्याकडे अनेकांताचा विचार आहे. आपले म्हणणे अंतिम न मानता इतरांच्या तपासणीसाठी खुले ठेवण्याची ही वृत्ती त्याच्या फार जवळची आहे, असे मला नम्रपणे वाटते.

तिसरा धागा आपल्या घरातला आहे. १९५५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नामांकित नियतकालिकात मुंबईच्या संशोधकांचा एक निबंध आला. पहिले नाव एल. डी. संघवी यांचे, सोबत राव आणि खानोलकर. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी रुग्णांची माहिती गोळा करून दाखवला. तंबाखूवर संशय पक्का होत गेला. पण पानाच्या विड्यात तंबाखू एकटी नसते. सुपारी असते, चुना असतो, कात असतो. मग सुपारी निर्दोष आहे काय? या प्रश्नावर कमलताई, एस. व्ही. गोठोसकर आणि त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. १९७६ आणि १९७९ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये त्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. पहिला सुपारी व तंबाखू यांच्या कर्करोगकारकतेवर, दुसरा हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावरील प्रयोगांचा. सुपारीलाही मोकळे सोडता येणार नाही, असा त्या कामाचा रोख होता.

कर्करोगाची कारणे तपासणारी जागतिक आरोग्य संघटनेची एक संस्था फ्रान्समधील लिऑन येथे आहे. जगभरचे शोधनिबंध समोर ठेवून ती निर्णय देते. १९८५ मध्ये तिने तंबाखूसह विडा कर्करोगकारक ठरवला. तंबाखूविना विड्याबद्दल मात्र पुरावा अपुरा म्हटला. त्यानंतर आणखी अभ्यास झाले आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तंबाखूविना विडा आणि निव्वळ सुपारी, दोन्ही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात गेली. तंबाखूही त्याच गटात आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली, त्यामागेही अशाच कामाचा साठलेला आधार आहे. एखाद्या शोधनिबंधाला किती संदर्भ मिळाले हे एक मोजमाप झाले. किती घरांतले सुपारीचे डबे रिकामे झाले, हे दुसरे. दुसरे मोजता येत नाही, पण माझ्या लेखी ते अधिक महत्त्वाचे आहे.

येथे मला एक घरगुती गोष्ट सांगू द्या. माझे वडील कधी विडी ओढले नाहीत, तंबाखूला त्यांनी स्पर्श केला नाही. जेवणानंतर सुपारीचे खांड मात्र चुकले नाही. अडकित्त्याचा आवाज ही आमच्या घरची दुपारची खूण होती. उतारवयात त्यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना, तिखट लागेना. आम्ही दाताचे दुखणे समजत राहिलो. निदान झाले तेव्हा फार उशीर झाला होता. मी प्राणिशास्त्राचा अध्यापक, आणि अडकित्ता माझ्या डोळ्यांसमोर वाजत होता. हे शल्य माझे मलाच वाहायचे आहे. आपण त्यातून एवढेच घ्यावे की तोंड उघडण्यास त्रास होणे, तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसणे, तीन आठवड्यांत बरे न होणारे व्रण असणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. कमलताईंनी उंदीर वापरले, हॅमस्टर वापरले. ते जीव गेले. मी हे झाकून ठेवणार नाही. माझ्याही हातून वर्गात कित्येक बेडूक कापले गेले. संशोधनासाठी नव्हे, तर पुस्तकात असलेली आकृती मुलांना पुन्हा दाखवण्यासाठी. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदन बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा मला प्रथम राग आला आणि नंतर स्वतःची लाज वाटली. जे टाळता येत होते ते मी टाळले नव्हते.

आपल्या आचारग्रंथांत श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. प्रयोगशाळेतील हिंसा यांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. तो साधू-साध्वींचा आणि आपल्या विद्वानांचा आहे. मी फक्त विज्ञानाच्या बाजूने काय घडले ते सांगतो. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम मांडले. जेथे शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य साधन वापरा, वापरावे लागलेच तर संख्या कमीत कमी ठेवा, आणि वेदना कमीत कमी होऊ द्या. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला आणि त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी समितीही आहे. आज संशोधकाला प्रत्येक प्राण्याची गरज लेखी सिद्ध करावी लागते.

आणि प्राण्याऐवजी वापरायचे अन्य साधन कोणते? त्यांतील एक मुख्य साधन म्हणजे ऊतिसंवर्धन, काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशी. जे तंत्र कमलताई बाल्टिमोरहून शिकून आल्या आणि ज्याची प्रयोगशाळा त्यांनी परळला उभारली, तेच हे तंत्र. एकाच स्त्रीच्या कार्यात उंदराचा पिंजराही आहे आणि तो पिंजरा हळूहळू रिकामा करण्याची वाटही आहे. त्या वाटेवरही सावधपणा हवा. कमलताई ज्यांच्याकडे शिकल्या त्या डॉ. गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी वाढवण्यात आल्या आणि त्या जगभर गेल्या; तिची संमती मात्र कोणी विचारली नव्हती. प्राणी वाचला म्हणून हिंसा संपली असे होत नाही, हे त्या प्रसंगाने शिकवले.

म्हणून त्या मुलीला माझे उत्तर असे : बेटा, आजीची करुणा खरी आहे आणि तुझी तळमळही खरी आहे. प्राण्यांचे प्रयोग आज पूर्णपणे थांबलेले नाहीत, हे तुला कोणी सांगितले नाही तर ती फसवणूक ठरेल. पण कर्करोगसंशोधनात पेशींवरचे काम आहे, संगणकावरचे आहे, रुग्णांच्या नोंदींचे आहे. संघवींनी १९५५ मध्ये जे केले त्यात एकही उंदीर नव्हता. तू या क्षेत्रात जा आणि आजीचा प्रश्न सोबत घेऊन जा. ज्याच्या मनात हा प्रश्न रोज जागा आहे असा संशोधक प्रयोगशाळेत असणे, प्रश्नच नसलेल्या दहा संशोधकांपेक्षा बरे. हे उत्तर पुरे आहे असा माझा दावा नाही. आजी ते मान्य करतील अशीही खात्री नाही. त्यांनी मला घरी बोलावून सुनावले तरी मी आनंदाने ऐकेन.

कमलताईंचा आणखी एक वारसा सांगून मी आवरते घेतो. १९७३ मध्ये त्यांनी अकरा सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. नवी मुंबईत वाशी येथे तिचे केंद्र आहे. नोकरदार महिलांचे वसतिगृह, पाळणाघर, आरोग्यसेवा असे तिचे काम चालते. बाईला संशोधन करायचे असेल तर तिचे मूल सांभाळायला कोणीतरी हवे, एवढे साधे व्यवहारज्ञान त्यामागे होते. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील राजूर येथे सत्यनिकेतन संस्थेच्या सहकार्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम केले. २०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गूगलने त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा अनेक मराठी घरांना त्यांचे नाव पहिल्यांदा कळले. ज्यांच्या कामाचे संदर्भ जगाने घेतले, त्यांची आठवण आपल्याला पडद्यावरच्या चित्राने करून द्यावी लागली, हे थोडे खेदाचे आहे.

शेवटी विश्वस्त मंडळास एक विनंती. आपल्याकडे मंगल प्रसंगी भोजनानंतर दाराशी मुखवासाचे तबक ठेवण्याची प्रथा आहे. बडीशेप, धणाडाळ, तीळ, ओवा हे सारे त्यात जरूर असावे. सुपारी मात्र या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून त्यातून काढून टाकावी. ज्या समाजाने सूर्यास्तानंतरचे अन्न आणि जमिनीखालचे कंद जीवदयेसाठी सोडले, त्याला एक सुपारी सोडणे जड जाऊ नये. त्या सुपारीचा दोष सिद्ध करण्यासाठी काही मुके जीव गेले आहेत. आपण ती खात राहिलो, तर त्यांचे जाणे व्यर्थ ठरेल.

 बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.